दिवाळीच्या सुट्टीतला व्हिएतनाम: आधी नकाशा निम्मा करा

मुलुंडच्या एका शिक्षिकेचं पत्र आहे. वय ५६, निवृत्तीला दोन वर्षं बाकी. यजमान ६० वर्षांचे, बँकेतून नुकतेच निवृत्त झालेले. लग्नाला यंदा तीस वर्षं होतात म्हणून मुलीने दोघांना व्हिएतनामची सहल भेट द्यायचं ठरवलं आहे. सुट्टी शाळेची, म्हणून तारखा दिवाळीतल्याच. हातात चार महिने आहेत. यजमानांना मराठी ग्रुप टूर हवी: नऊ दिवसांत उत्तरेतल्या हनोईपासून दक्षिणेतल्या फु क्वॉक बेटापर्यंत अख्खा देश आणि रोज रात्री भारतीय जेवण. बाईंना दोघांनीच जायचं आहे, कारण ‘तीस वर्षांत आम्ही दोघंच असे कुठे गेलोच नाही.’ यजमानांना मधुमेह आहे, रात्री इन्सुलिन घेतात, गुडघेही दुखतात. बाई शाकाहारी, अंडं चालतं. यजमान मासे खातात. ‘ग्रुपने गेलो तर सुरक्षित पण धावपळ, दोघंच गेलो तर निवांत पण जिवाला घोर. आणि एवढ्या लांब परत कधी जाणं होणार, म्हणून सगळं बघूनच यावं असंही वाटतं. काय करू?’

ताई,

ग्रुप की दोघंच, हा प्रश्न मी जरा बाजूला ठेवते. त्याच्या आधीचा एक प्रश्न तुम्ही, यजमान आणि लेक, तिघांपैकी कुणीच विचारलेला दिसत नाही: दिवाळीच्या दिवसांत व्हिएतनाममध्ये पाऊस कुठे असतो? याचं उत्तर कळलं की तुमचं अर्धं भांडण आपोआप मिटतं.

व्हिएतनाम हा उभा, चिंचोळा देश आहे. हनोई ते हो ची मिन्ह सिटी रेल्वेमार्ग १,७२६ किलोमीटरचा. एवढ्या लांबीत एकच हवामान असणं शक्य नाही, आणि नसतंच. दक्षिणेत मे ते ऑक्टोबर पाऊस, साधारण आपल्यासारखाच. उत्तरेत उन्हाळ्यात पाऊस आणि हिवाळ्यात चक्क थंडी. मधला किनारा, म्हणजे हुए, दा नांग आणि होई आन, मात्र या दोन्हींपेक्षा वेगळा आहे. आपले पावसाळी वारे सह्याद्रीवर आदळून पलीकडे देश कोरडा सोडतात ना, तसंच तिथे लाओसच्या सीमेवरून गेलेल्या त्रुओंग सोन डोंगररांगेमुळे होतं. जून ते ऑगस्ट वारे पश्चिमेकडून येतात, तेव्हा पाऊस लाओसच्या बाजूला पडतो आणि किनारा तापत राहतो. ऑक्टोबरच्या सुमारास वारे फिरतात, ईशान्येकडून समुद्रावरचं बाष्प घेऊन येतात आणि थेट डोंगरावर आदळतात. त्यामुळे या भागातला सगळ्यात मोठा पाऊस ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये असतो, नेमका आपल्या दिवाळीत. ऑक्टोबर २०२५च्या अखेरीस हुए आणि होई आन दोन्ही शहरांत पाणी भरलं होतं. होई आनच्या जुन्या गल्ल्यांमधून होड्या चालत होत्या. दर वर्षी इतकं होत नाही, पण थू बॉन नदीकाठची ती जुनी पेठ या महिन्यांत पाण्याखाली जाणं तिथल्या लोकांना नवीन नाही.

तुमच्या नऊ दिवसांच्या टूरमध्ये मधले दोन-तीन दिवस याच भागात आहेत. जाहिरातीत कंदिलांची रोषणाई आणि निळा समुद्र दिसतो. तो फेब्रुवारी ते ऑगस्टमधला. फु क्वॉकलाही पाऊस नोव्हेंबरमध्ये ओसरायला लागतो, खरा कोरडा मोसम डिसेंबरपासून.

उलट त्याच दिवसांत उत्तर व्हिएतनाम अगदी छान असतो. हनोईत शरद ऋतू, दिवसा २५ ते २९ अंश, हवा कोरडी, आकाश मोकळं. चुनखडीच्या बेटांसाठी प्रसिद्ध असलेल्या तिथल्या ‘हा लाँग’ उपसागरात वादळांचा धोका जुलै ते सप्टेंबरमध्ये जास्त असतो. दिवाळीपर्यंत तो बराच उतरलेला असतो. शाळेच्या सुट्टीतच जायचं असेल तर फक्त उत्तरेला जा. मधला किनारा आणि दक्षिण या खेपेला नकाशावरून काढून टाका.

इथे तुमचं ‘परत कधी जाणं होणार’ आडवं येईल, म्हणून त्यावर बोलते. मुंबईहून हनोईला थेट विमान पाच तासांच्या आसपास घेतं. वेळेचा फरक दीड तासाचा. ते अमेरिकेइतकं लांब नाही. शिवाय दोन वर्षांनी तुम्हीही निवृत्त व्हाल, म्हणजे सुट्टीचं बंधन सुटेल आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये जाता येईल. त्या दिवसांत मधला किनारा आणि दक्षिण दोन्ही कोरडी असतात. ‘एकदाच’ हे गृहीत धरल्यामुळे नऊ दिवसांत अख्खा देश कोंबावा लागतो आहे.

कोंबण्याची किंमत काय, तेही मोजून बघा. एका गावातून दुसऱ्या गावी विमानाने जायचं म्हणजे सकाळी बॅगा बांधणं, हॉटेल सोडणं, दोन तास आधी विमानतळ, सव्वा तासाचं उड्डाण, बॅगा, पुन्हा रस्ता, आणि दुपारी दोनपर्यंत खोली मिळत नाही. सहा-सात तास गेले. अशा तीन उड्या असल्या तर नऊपैकी जवळजवळ दोन दिवस लाउंज आणि बसमध्ये जातात. पहिला आणि शेवटचा दिवस तसाही मुंबईच्या प्रवासाचा. ज्यांचे गुडघे दुखतात आणि जेवणाच्या वेळा सांभाळाव्या लागतात त्यांना या उड्याच सगळ्यात जड जातात. बघण्याची ठिकाणं तेवढी त्रास देत नाहीत.

माझ्या मते तुमच्यासाठी आठ रात्री अशा असाव्यात: हनोई तीन, निन्ह बिन्ह दोन, हा लाँगच्या बोटीवर एक, परत हनोई दोन. देशांतर्गत विमान एकही नाही.

हनोईत जुन्या पेठेच्या कडेला, होआन किएम तळ्यापासून चालत दहा मिनिटांवर हॉटेल घ्या. अगदी पेठेच्या पोटात नको, रात्री उशिरापर्यंत गोंगाट असतो. जुन्या पेठेतली बरीच हॉटेलं अरुंद आणि उंच असतात, काहींना लिफ्ट नसते. आरक्षण करण्यापूर्वी ‘लिफ्ट आहे का आणि ती माझ्या मजल्यापर्यंत जाते का’ हे लेखी विचारा. बरीच विमानं मुंबईहून रात्री निघून पहाटे-सकाळी उतरतात. तुमचं तसं असेल तर आदल्या रात्रीपासून खोली घ्या. जागरण झालेल्या, इन्सुलिनवरच्या माणसाने सकाळी सातपासून दुपारी दोनपर्यंत लॉबीत बसून राहू नये. त्या एका रात्रीच्या भाड्यात पहिला दिवस वाचतो. त्या दिवशी तळ्याभोवती फेरी आणि संध्याकाळी पाण्यातल्या बाहुल्यांचा खेळ, एवढंच ठेवा. साहित्य मंदिर, म्हणजे १०७० साली स्थापन झालेलं विद्यापीठाचं जुनं आवार, तुम्हाला शिक्षिका म्हणून नक्की आवडेल. तिथे पायऱ्या कमी, सावली भरपूर. व्हिएतनामच्या स्वातंत्र्यलढ्याचे नेते हो ची मिन्ह यांची समाधी फक्त सकाळी उघडी असते आणि सोमवारी-शुक्रवारी बंद, त्यामुळे वार बघून जा.

निन्ह बिन्ह हनोईपासून रस्त्याने दोन तासांवर. शेतांमधून उभे राहिलेले चुनखडीचे डोंगर आणि त्यांच्या पोटातून वाहणाऱ्या नद्या. ट्रांग आनला वल्ह्याच्या होडीतून साधारण तीन तासांची फेरी असते, गुहांच्या आतून. ही जागा २०१४पासून जागतिक वारसा यादीत आहे. एका होडीत चार जण बसवतात. दोघांनाच हवी असेल तर चारही जागांचे पैसे भरायचे, ते भरा. होडीतली फळी खाली असते, त्यामुळे तीन तास गुडघे दुमडून बसावं लागतं. हॉटेलमधून जाड उशी मागून न्या, यजमानांना पाय पुढे पसरता येतील अशी जागा द्या, आणि चढता-उतरताना काठावरच्या माणसाला हात धरायला सांगा. फोटोंत दिसणारी पिवळी भातशेती मे अखेर ते जूनची असते. नोव्हेंबरमध्ये शेतं रिकामी किंवा पाण्याने भरलेली दिसतील. हांग मुआ नावाचा एक डोंगर आहे, त्याला ५००च्या आसपास पायऱ्या आहेत. तुम्ही चढा, पहाटे. ते खाली चहा घेत बसतील. दोघांनी गेलं म्हणजे दोघांनी सगळं एकत्रच करायचं असं नाही.

निन्ह बिन्हहून हा लाँगला परत हनोईत न येता थेट गाडी मिळते, साडेतीन-चार तास. नऊ आसनांच्या ज्या व्हॅन तिथे चालतात त्यांना लिमोझिन म्हणतात. नाव ऐकून बिचकू नका, आपल्याकडच्या ट्रॅव्हलरपेक्षा थोडी आरामशीर एवढंच. बोटीवर दुपारी बाराच्या सुमारास घेतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दहा-अकरापर्यंत सोडतात, म्हणजे ‘दोन दिवस’ हे जेमतेम तेवीस तास असतात. खोली मागताना वरच्या डेकवरची आणि पुढच्या बाजूची मागा. मागच्या खालच्या खोल्यांना इंजिन-जनरेटरची घरघर येते. वरच्या डेकला जायला जिना असतो, तो किती पायऱ्यांचा आहे हे विचारून घ्या. बोटीतून गुहा-बेटांवर नेतात ते छोट्या होडीतून, तिच्यात पाय टाकताना तोल सांभाळावा लागतो. तिटॉप बेटाच्या माथ्यावर चारशेच्या आसपास पायऱ्या आहेत. यजमानांनी तिथे किनाऱ्यावरच थांबावं. हा लाँगला लागूनच असलेल्या ‘लान हा’ उपसागरातल्या बोटी घेतल्यात तर गर्दी कमी असते आणि डोंगर तेच. हवा बिघडली तर बंदराचे अधिकारी बोटी सोडत नाहीत. तसं झालं तर वाद घालू नका. जुलै २०२५मध्ये अचानक आलेल्या वादळात हा लाँगला पर्यटकांची बोट उलटून अनेक जीव गेले. आरक्षण करतानाच ‘हवामानामुळे फेरी रद्द झाली तर पूर्ण पैसे परत’ असं लिहून घ्या आणि शेवटच्या दोन रात्री हनोईत ठेवा, म्हणजे एखादा दिवस सरकला तरी परतीचं विमान चुकत नाही.

आता ग्रुप की दोघं.

यजमानांना ग्रुप का हवा, हे तुम्ही भीतीवर टाकलं आहे. असेलही. पण ते नुकतेच निवृत्त झाले आहेत. पस्तीसएक वर्षं रोज ज्यांच्यात वावरले ती माणसं एकाएकी आयुष्यातून गेली. ग्रुपमध्ये त्यांना कदाचित माणसं हवी आहेत, गप्पा हव्या आहेत. की रात्री साखर उतरली तर मराठीत हाक मारायला कुणीतरी हवं आहे? की पैसे आणि कागद सांभाळायची जबाबदारी नको झाली आहे? ही तीन वेगळी कारणं आहेत आणि तिन्हींवर उपाय वेगळे. ‘तुम्हाला नक्की कशाची धास्ती वाटते’ असं एकदा शांतपणे विचारा. ‘लोक जातात की दोघं-दोघं’ या वाक्याने सुरुवात करू नका.

आणि तुम्हीही स्वतःला एक गोष्ट विचारा. दोघंच जायचं तर गाडी कोण बोलावणार, हॉटेलशी कोण बोलणार, ‘मासळी नको’ हे कोण समजावणार? माझा अंदाज आहे की ते सगळं तुमच्यावर येईल. वर्षभर वर्ग सांभाळून तिथे पुन्हा टूर मॅनेजर व्हायचं असेल तर ‘निवांत’ हातात येणार नाही. कामं आधीच वाटून घ्या. बँकेत आयुष्य काढलेल्या माणसाकडे पैसे, पावत्या, पासपोर्ट आणि हिशेब द्या. ते काम त्यांना येतं, आणि हातात काम असलं की माणसाची धास्ती उतरते. वाट, गाड्या आणि जेवण तुमच्याकडे.

ग्रुप टूर ही वाईट गोष्ट नाही, हेही स्पष्ट सांगते. सामान उचलायला माणूस, व्हिसाची कटकट नाही, रात्री गरम पोळी. पण ६-७-८, म्हणजे सहाला उठा, सातला नाश्ता, आठला बस, हा शिरस्ता तुम्हाला आठ दिवस पाळावा लागेल. यजमानांना हेही सांगा की ग्रुपमध्ये एखाद्याची तब्येत बिघडली तर बस बाकीच्यांना घेऊन पुढे जाते. टूर मॅनेजर फोनवर असतो, पण हॉटेलच्या खोलीत तुम्ही दोघंच उरता, आणि तेही दोघंच राहण्याची काहीच तयारी न केलेले. टूर कंपनीला चार गोष्टी विचारा: एकूण हॉटेलं किती आणि प्रत्येकात रात्री किती, बसमध्ये माणसं किती, सगळ्यात लांबचा बसप्रवास किती तासांचा, आणि फक्त उत्तर व्हिएतनामची टूर आहे का. ती असेल आणि एका हॉटेलात किमान दोन रात्री मिळत असतील तर यजमानांच्या बाजूने माझं मत पडेल. नऊ दिवसांत पाच हॉटेलं असतील तर नाही.

यांच्या मधलाही एक मार्ग आहे आणि बहुतेक जोडप्यांना तोच मानवतो: हॉटेलं तुम्ही निवडायची, पण गावाहून गावाला जायची गाडी, विमानतळावर न्यायला येणारा माणूस आणि दोन दिवसांचा इंग्रजी बोलणारा गाइड आधीच ठरवायचा. शहरातल्या फेऱ्यांसाठी ग्रॅब हे ॲप आहे. पत्ता ॲपमध्ये असतो, भाडं आधी दिसतं, त्यामुळे भाषेचा आणि घासाघिशीचा प्रश्न येत नाही. ते मुंबईतच उतरवून फोन नंबरची खातरजमा करून ठेवा, कारण ओटीपी तिथे नव्या सिमवर येणार नाही. तरुण वाचकांपैकी कुणी तिथे मोटरसायकल भाड्याने घ्यायचं मनात आणत असेल तर थांबा: आपल्याकडे मिळणारा आंतरराष्ट्रीय परवाना १९४९च्या कराराखालचा, व्हिएतनाम १९६८च्या कराराखालचा मानतं. दुकानदार गाडी देतो, पण अपघात झाला की विमा कंपनी हात वर करते.

जेवण. तुमच्या शाकाहाराला तिथे वाव आहे, पण कुठे जायचं ते माहीत हवं. तिथले पुष्कळ बौद्ध लोक चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी शाकाहार करतात, त्यामुळे प्रत्येक शहरात शाकाहारी खानावळी आहेत. पाटीवर ‘कॉम चाय’ किंवा ‘क्वान चाय’ लिहिलेलं असतं. तिथे डोळे मिटून खा, फक्त अंडं हवं तर वेगळं विचारा. धोका आहे तो साध्या हॉटेलांतल्या ‘व्हेजिटेबल’ पदार्थांत. पालेभाजी लसूण घालून परततात आणि वरून कालवांचा सॉस टाकतात. टोमॅटोच्या रश्श्यातल्या टोफूत माशाचा सॉस असतो. ‘व्हेज’ फोच्या, म्हणजे तिथल्या नूडल्सच्या सूपच्या, वाडग्यात भाज्या असतात, पण रस्सा बहुधा गोमांसाच्या हाडांचा. अंडं घातलेला बान्ह मी पाव मागितलात तर आतून डुकराच्या काळजाचं ‘पाते’ नावाचं वाटण फासलेलं असू शकतं. म्हणून ‘मांस नको’ एवढं सांगून भागत नाही. हॉटेलच्या स्वागतकक्षातून व्हिएतनामी भाषेत चार ओळी लिहून घ्या: मी शाकाहारी आहे, मांस, मासे, कोळंबी नको, माशाचा सॉस, कालवांचा सॉस, हाडांचा रस्सा नको, अंडं चालेल. त्याचा फोटो फोनमध्ये ठेवा आणि मागणी देताना दाखवा. बोटीवाल्यांना हेच दोन दिवस आधी कळवा. बोट सुटल्यावर स्वयंपाकी बाजारातून काही आणू शकत नाही. हनोईत भारतीय हॉटेलं आहेत, दोन-तीन रात्री तिथे जायला काहीच हरकत नाही. यजमानांची मात्र चंगळ आहे: मासे, कोळंबी, हळद आणि शेपू घालून तव्यावर परतलेला मासा, म्हणजे हनोईचा ‘चा का’.

त्यांच्या साखरेचं जरा सविस्तर सांगते, कारण घोटाळा इथेच होतो. तिथली कॉफी घट्ट गोड दुधात करतात, अंड्याची कॉफीही गोड, रस्त्यावर उसाचा रस, जेवणाच्या चटणीत साखर. एकीकडे साखर वाढवणाऱ्या गोष्टी आणि दुसरीकडे रोजच्यापेक्षा दुप्पट चालणं, त्यामुळे साखर वर जाते तशी एकदम खालीही येते. ग्लुकोमीटर आणि नेहमीपेक्षा दुप्पट पट्ट्या घ्या. घाम, थरथर, चिडचिड दिसली तर आधी मोजा. ७०च्या खाली असेल तर तीन चहाचे चमचे ग्लुकोज पाण्यातून द्या आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा. ग्लुकोजची पुडी दोघांच्याही पिशवीत हवी. इन्सुलिन कधीही चेक-इन बॅगेत टाकू नका. विमानाच्या सामानकक्षात ते गोठू शकतं, आणि बॅग हरवली तर सगळंच गेलं. हातातल्या बॅगेत, थंड पिशवीत, डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह. चिठ्ठीत औषधांची मूळ नावं हवीत, कंपनीची नव्हे. हॉटेलच्या छोट्या फ्रिजमध्ये बर्फाच्या कप्प्याला चिकटवून ठेवू नका. वापरात असलेलं पेन ३० अंशांच्या खाली राहिलं तर साधारण चार आठवडे टिकतं, त्यामुळे त्याला फ्रिजची गरज नाही. विमानाच्या रात्री डोस कधी आणि किती घ्यायचा, हे निघण्याच्या दोन आठवडे आधी डॉक्टरांना प्रत्यक्ष वेळापत्रक दाखवून ठरवा. स्वस्त विमानांत जेवण मिळत नाही; दशमी, भाजलेले दाणे, थालीपीठ जवळ ठेवा आणि तिथे उतरण्यापूर्वी संपवा. जागा आइलची घ्या, आणि दर तासा-दीड तासाने त्यांनी उठून दोन फेऱ्या माराव्यात. गुडघ्यांसाठी नी-कॅप आणि घडीची काठी न्या, लाजू नका.

प्रवास विमा काढताना मधुमेह जाहीर करा. लपवला तर पुढे दावा नाकारला जातो, आणि हप्त्यात वाचवलेले पैसे काही कामाचे नसतात. आधीपासूनच्या आजाराचा तातडीचा खर्च पॉलिसीत बसतो का, हे वाचून घ्या. हनोईत आणि हा लाँगलाही विनमेकची मोठी खासगी रुग्णालयं आहेत; पत्ते फोनमध्ये ठेवा. रुग्णवाहिकेचा नंबर ११५. भारतीय दूतावास हनोईतच आहे. हे सगळं एका कागदावर लिहून यजमानांच्या खिशात ठेवा. ‘रात्री काही झालं तर’ या धास्तीवर तेच पहिलं औषध आहे.

व्हिसा घरबसल्या निघतो. एका प्रवेशाचा ई-व्हिसा २५ डॉलरचा, जास्तीत जास्त ९० दिवसांचा. सरकारी संकेतस्थळाचा पत्ता ‘गव्ह डॉट व्हीएन’ने संपतो, शोधताना वर येणारी बाकीची पानं एजंटांची असतात आणि तिप्पट पैसे घेतात. तीन कामाचे दिवस सांगतात, तुम्ही तीन आठवडे आधी अर्ज करा. चुका होतात त्या नावात. आपल्याकडे पासपोर्टवर स्वतःचं आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव एका रकान्यात आणि आडनाव दुसऱ्यात असतं. काही जणांचा आडनावाचा रकाना कोराच असतो. पासपोर्टच्या तळाच्या दोन ओळींत जसं छापलंय तसंच अर्जात आणि विमानाच्या तिकिटात हवं. तुमचा पासपोर्ट माहेरच्या नावाचा असेल तर तिकीटही त्याच नावाचं. जन्मतारखेत दिवस-महिना उलटा पडला तर विमानतळावर अडवतात आणि शुल्क परत मिळत नाही. फोटो चष्म्याशिवाय. दोघांच्या पासपोर्टची मुदत प्रवासानंतर किमान सहा महिने आहे ना, हे आजच काढून बघा.

पैशांचं यजमानांना सांगा, त्यांना रस वाटेल. एका रुपयाला तीनशेच्या आसपास डोंग. मनातल्या मनात तीन शून्यं उडवून आलेल्या आकड्याची तिप्पट आणि वर थोडं, म्हणजे रुपये. इथून डोंग घेऊ नका, डॉलरच्या कोऱ्या, न लिहिलेल्या, न दुमडलेल्या नोटा न्या आणि हनोईत बदला. पाच लाखांची आणि वीस हजारांची, दोन्ही नोटा निळसर असतात. संध्याकाळच्या उजेडात हमखास गल्लत होते, म्हणून वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवा. नवीन कार्डांवर परदेशातला वापर बंदच असतो, तो बँकेच्या ॲपमधून निघण्यापूर्वी सुरू करा. भारतीय सिमवर रोमिंग चालू ठेवा, नाहीतर बँकेचा ओटीपी येणार नाही. टूर कंपनीकडून पॅकेज घेतलंत तर त्यावर टीसीएस, म्हणजे पॅकेज विकतानाच कापला जाणारा आगाऊ आयकर, लागतो. तो ज्याच्या पॅनवर कापला जातो त्यालाच विवरणपत्रात परत किंवा वजा मिळतो, म्हणून पैसे लेक भरणार असेल तर पॅन कुणाचा द्यायचा हे आधी ठरवा. दोन्हींची तुलना करताना ग्रुपच्या आकड्यात व्हिसा, टिप, जीएसटी आणि न धरलेली दुपारची जेवणं मिळवा. त्याशिवाय तो आकडा खरा नाही.

आणि क्रम असा ठेवा. आधी यजमानांशी बोलणं. मग हनोईचं जाणं-येणं एकाच तिकिटावर, शक्यतो थेट. दोन वेगळ्या तिकिटांवर बँकॉक किंवा क्वालालंपूरमार्गे स्वस्त पडतं, पण पहिलं विमान उशिरा गेलं तर दुसरं तिकीट बुडतं. मग फुकट रद्द करता येणारी हॉटेलं, मग बोट, मग विमा आणि शेवटी व्हिसा. दिवाळीच्या तिकिटांचे दर गणपतीनंतर चढायला लागतात, म्हणून विमानाचं या महिन्यातच उरका.